छापलेलं कापड यंत्रावर मजबूत ठरतं, मग खिशापाशी फाटतं कसं?

प्रश्न नागपुरातल्या एका ताईंचा आहे. त्या शाळांचे गणवेश शिवून देतात, हाताखाली दहा-बारा बायका आहेत. गांधीबागेच्या कापडबाजारातून त्यांनी ६७/३३ पॉलिएस्टर-सुती, म्हणजे आपलं नेहमीचं टेरिकॉट, कोरं, म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं घेतलं. एकाच लॉटमधलं अर्धं नेव्ही ब्लू रंगवून घेतलं आणि अर्ध्यावर पिगमेंटने चौकडा छापून घेतला. शाळेने अहवाल मागितला म्हणून तिन्ही नमुने तपासले. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या दिशेने तुटण्याची ताकद आली कोऱ्याची ६२ किलो, रंगवलेल्याची ६४ आणि छापलेल्याची ६६. फाटण्याची ताकद आली कोऱ्याची २६०० ग्रॅम, रंगवलेल्याची २१०० आणि छापलेल्याची १३००. कोऱ्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ६३ इंच होता, तयार कापडाचा ५८. चार महिन्यांत छापलेल्या कुर्त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. सगळे खिशाच्या कोपऱ्यापासून फाटलेले. ताई विचारतात, "रंगाई-छपाईने कापडाची ताकद वाढते की घटते? अहवाल म्हणतो वाढली, पोरांचे कुर्ते म्हणतात घटली. मी कोणावर विश्वास ठेवू?"

ताई, दोघांवरही ठेवा. अहवालात चूक दिसत नाही आणि कुर्त्यांतही नाही. ते दोघं वेगवेगळ्या गोष्टी सांगताहेत. मी बत्तीस वर्षं रंगाई-छपाई खात्यात काढली, त्यातली बरीच नागपुरात आणि बुटीबोरीत. हा प्रश्न मला दर वर्षी शाळा सुरू झाल्यावर कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते दोन आकडे समजून घ्या. तुटण्याची ताकद, जिला आम्ही टेन्साइल म्हणतो, ती मोजताना ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत २० सेंटिमीटर अंतरावर धरतात आणि तुटेपर्यंत ओढतात. पट्टीतले सगळे उभे धागे एकाच वेळी, एकाच दिशेने भार घेतात. फाटण्याच्या चाचणीत कापडाला आधी एक चीर देतात आणि तिथून पुढे फाडत नेतात. इथे भार फक्त चिरेच्या तोंडाशी असलेल्या धाग्यांवर येतो. गणवेश अंगावर असताना पूर्ण पट्टी सरळ ओढली जाण्याचा प्रसंग जवळपास येतच नाही. पोरगं खिशात हात घालून पळतं, दुसरं मागून खिसा ओढतं, बाकाच्या खिळ्यात कोपरा अडकतो. हे सगळं फाटण्याचं काम आहे. त्यामुळे गणवेशासाठी मी नेहमी दुसरा आकडा आधी बघतो.

आता हे घरी करून बघा. रंगवलेल्या आणि छापलेल्या कापडाचा वीतभर तुकडा घ्या, दोन्हींना कात्रीने बोटभर चीर द्या आणि हाताने सावकाश फाडा. रंगवलेलं कापड फाटताना चिरेच्या तोंडाशी धागे सरकून गोळा होतात, पाच-सहा धाग्यांचा एक पुंजका तयार होतो आणि तो पुंजका मिळून जोर धरतो. फाटलेली कडा ओबडधोबड निघते, सुतं लोंबत राहतात. तुमचं छापलेलं कापड मी न बघता सांगतो, ते चर्रकन एका रेषेत फाटत जाईल आणि कडा कागदासारखी साफ निघेल. तिथे धागे सरकत नाहीत. एकेक धागा एकटाच भाराला सामोरा जातो आणि एकेक करून तुटतो. धाग्याची ताकद तीच असली तरी एकट्याने लढायचं आणि पाच जणांनी मिळून लढायचं यात जो फरक, तोच २१०० आणि १३०० मधला फरक आहे.

धागे सरकत का नाहीत? कारण पिगमेंट छपाईत रंग तंतूच्या आत जातच नाही. पिगमेंटचे कण पाण्यात विरघळत नाहीत, त्यांना तंतूशी काही नातं नसतं. त्यांना कापडावर धरून ठेवतो तो बाइंडर, आणि बाइंडर म्हणजे एक प्रकारचा चिकट पापुद्रा. छापल्यावर कापड साधारण १५० अंशांवर चार-पाच मिनिटं भाजतात, त्याला क्युरिंग म्हणतात. तेव्हा तो पापुद्रा पक्का होतो आणि ताणा-बाणा जिथे एकमेकांना ओलांडतात तिथेही जाऊन बसतो. प्रत्येक गाठ चिकटली की कापड एक पत्रा होतं. सरळ ओढलं तर चिकटलेले धागे एकमेकांना आधार देतात, म्हणून टेन्साइल तसंच राहतं किंवा किंचित वाढतं. फाडलं तर तोच चिकटा घात करतो. छपाई जितकी दाट आणि बाइंडर जितका जास्त, तितकं हे ठळक. बारीक बुट्टा असेल तर कळतही नाही. चौकड्यात मात्र पट्टे सलग जातात, आणि खिसा नेमका त्यावर येतो.

हे झालं छपाईचं. पण ६२ चे ६४ आणि ६६ कसे झाले, हा तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर पन्ह्यात आहे. ६३ इंचात जितके उभे धागे होते तितकेच आता ५८ इंचात बसलेत. म्हणजे दर सेंटिमीटरला धागे साडेआठ टक्क्यांनी वाढले. ५ सेंटिमीटरच्या पट्टीत जास्त धागे आले, तर धाग्याचं काहीही न बिघडता ताकद ६२ वरून ६७ किलोच्या थोडी वर जायला हवी होती. रंगवलेलं आलं ६४. म्हणजे आकडा वाढलेला दिसतो, पण धाग्यामागे साधारण पाच टक्के ताकद कमी झाली. छापलेल्याची दोन टक्के कमी झाली, तीही बाइंडरने आधार दिल्यावर. पाच टक्के ही घाबरण्यासारखी गोष्ट नाही. कोऱ्या कापडावर मागावरची खळ असते, ती ताण्याला मजबुती देते आणि पहिल्या धुण्यातच निघून जाते. त्यामुळे कोऱ्याचा ६२ हा आकडाही थोडा फुगलेला होता. पुढच्या वेळी तुलना कोऱ्याशी करू नका. खळ काढून, धुऊन, ब्लीच करून रंगाला तयार झालेल्या कापडाचा मीटरभर तुकडा मागून घ्या आणि त्याच्याशी करा. अहवालात धागे दर इंचाला किती आणि वजन दर चौरस मीटरला किती, हे दोन्ही लिहून घ्या. ते नसतील तर टेन्साइलचा आकडा अर्धवट आहे.

रंगवलेल्या कापडाची फाटण्याची ताकदही २६०० वरून २१०० वर आली, त्याचंही कारण सोपं आहे. कापसावर नैसर्गिक मेण असतं, पॉलिएस्टरवर तंतू बनवतानाच दिलेला तेलाचा हात असतो. उकळी-धुलाईत दोन्ही निघतात. वर कापड आटून घट्ट झालं. धागे कोरडे आणि दाटीत आले की कमी सरकतात. शेवटच्या फिनिशिंगमध्ये थोडं सॉफ्टनर दिलं की यातलं बरंच परत मिळतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण तुमचा अहवाल ठीक दिसत असला तरी टेरिकॉटच्या बाबतीत मला एक भीती कायम वाटते आणि ती या आकड्यांत दिसत नाही. रंग स्वतः कापडाला कमजोर करत नाही, काही मोजके रंग सोडले तर. कमजोर करते ती रंगाची आंघोळ. आम्ल, अल्कली, तापमान आणि वेळ. मिश्र कापडाची अडचण अशी की त्यात दोन तंतू आहेत आणि एकाला जे मानवतं ते दुसऱ्याला सोसत नाही. पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग लागतो आणि तो आत शिरायला बंद यंत्रात १३० अंश लागतात, पाणी थोडं आंबट, सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) ४.५ ते ५.५. सुती भागाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग लागतो, त्याला ६० किंवा ८० अंश, भरपूर मीठ, आणि शेवटी सोडा अ‍ॅश घालून सामू ११ च्या आसपास. म्हणजे आधी कापसाला पॉलिएस्टरसाठी आंबट पाण्यात १३० अंश सोसायचे आणि मग पॉलिएस्टरला कापसासाठी अल्कली सोसायची. पॉलिएस्टर ही अल्कली ६० अंशांवर आरामात सोसतं. कापसाचं तसं नाही. सामू ४ च्या खाली घसरला आणि १३० अंशांवर पाऊण तास राहिला, की कापूस ज्याचा बनलेला असतो त्या सेल्युलोजच्या साखळ्या तुटायला लागतात.

दोघांची झीज होण्याची रीतही वेगळी आहे, आणि हे रंगारी मंडळींनीही लक्षात ठेवावं असं मला वाटतं. गरम कॉस्टिकमध्ये, म्हणजे तीव्र अल्कलीत, पॉलिएस्टर बाहेरून आत झिजतं, साबणाची वडी झिजते तसं. वजन कमी होतं, तंतू बारीक होतो, पण उरलेला भाग धडधाकट असतो. कापसाला आम्ल लागलं की साखळी मधूनच, कुठेही तुटते. वजन तेवढंच राहतं, रंग तोच, हाताला पोत तोच, आणि ताकद मात्र आतून गेलेली. डोळ्यांना काही दिसत नाही. ब्लीचिंगमध्येही तसंच. पेरॉक्साइडच्या टाकीत गंजलेल्या पाइपचा कण किंवा बोअरच्या पाण्यातलं लोह गेलं, की त्या जागी पेरॉक्साइड भडकतं आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडतात. हायपोक्लोराइटने ब्लीच करताना सामू ७ च्या आसपास आला तर सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून तो १० च्या जवळ राखावा लागतो.

आणि टेरिकॉटमध्ये हे सगळं झाकलं जातं. कसं ते सांगतो. कापसाचा तंतू ६ ते ८ टक्के ताणला की तुटतो. पॉलिएस्टर त्याच्या कितीतरी पट ताणलं जातं. एका जुवाला दोन बैल जुंपले आणि एक लवकर बसला, तर पुढची गाडी दुसऱ्याने एकट्याने ओढायची. ६७ टक्के पॉलिएस्टर असलेल्या सुतात शेवटचा जोर पॉलिएस्टरच लावतं. कापूस अर्धा मेलेला असला तरी टेन्साइलच्या आकड्यात फरक थोडकाच पडतो. नागपूरच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या सुती कापड माहीत आहे. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून इथले कामगार-व्यापारी कापडाची कडा दोन अंगठ्यांत धरून, एक झटका देऊन सांगायचे की ब्लीच जास्त झालं. सुती कापडात ते खरं ठरायचं, कारण तिथे लपवायला दुसरा तंतू नव्हता. टेरिकॉटला तोच झटका देऊन बघितला तर सगळं ठणठणीत वाटतं.

मग मेलेला कापूस कधी कळतो? धुलाईत. दहा-पंधरा धुण्यांनंतर बादलीच्या तळाशी रंगीत भुकटी दिसते, कापड विरायला लागतं, कॉलरच्या आणि बाहीच्या घडीवर पांढुरकी रेघ येते. कमजोर झालेला कापूस घर्षणाने गळून जातो आणि मागे फक्त पॉलिएस्टरची जाळी उरते. ती जाळी तुटत नाही, पण कापड पारदर्शक होतं, घाम टिपत नाही, घडीवर रंग उडाल्यासारखा दिसतो. पालक म्हणतात रंग गेला. रंग गेलेला नसतो, रंग धरणारा कापूस गेलेला असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात माझ्याच पाळीत काळ्या पँटच्या टेरिकॉटचा एक मोठा लॉट झाला होता. पॉलिएस्टर भागाला डिस्पर्स काळा, सुती भागाला सल्फर काळा, कारण तो स्वस्त आणि दाट. तपासणीत कापड उत्तम निघालं. टेन्साइल पास, रंग पास. माल टिनाच्या गोदामात पडून राहिला. एक पावसाळा गेला, मग आपला उन्हाळा, नवतपा म्हणजे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. वर्षभराने गिऱ्हाइकाने तागा उघडला तेव्हा कापड हातात दाबलं की बारीक काळी धूळ निघत होती. ओढलं तर तुटत नव्हतं, चोळलं तर जागच्या जागी झिरझिरीत होत होतं. सल्फर रंगात जो मोकळा गंधक राहतो, त्याचं उष्ण-दमट हवेत हळूहळू गंधकाम्ल होतं, आणि ते आम्ल साठवणीतच कापूस खातं. शेवटच्या धुण्यात सोडा अ‍ॅशचा किंवा सोडियम अ‍ॅसिटेटचा हात दिला असता तर ते आम्ल तिथल्या तिथे मारलं गेलं असतं. तो हात मी घाईत वगळला होता. तो माल परत आला तेव्हा मी स्वतः एकेक तागा उलगडून बघितला. तेव्हापासून काळा रंग आला की मी पहिला प्रश्न विचारतो, कोणता काळा? तुमच्या गणवेशात काळी पँट किंवा स्कर्ट असेल तर तुम्हीही विचारा. सल्फर असेल तर शेवटचं धुणं कशाचं दिलं तेही विचारा, आणि माल वर्षभर साठवू नका.

आम्लामुळे कापूस किती पूर्ण जाऊ शकतो याचा नमुना बघायचा असेल तर इतवारीत बर्नआउटची साडी किंवा ओढणी हातात घ्या. ती पारदर्शक नक्षी विणलेली नसते. टेरिकॉटवर आम्ल सोडणाऱ्या क्षाराची पेस्ट छापतात, कापड भाजतात आणि जळलेला कापूस धुऊन काढतात. पॉलिएस्टर जसंच्या तसं राहतं. तिथे मुद्दाम जे करतात, तेच बेपर्वाईने रंगवलेल्या कापडात थोड्या प्रमाणात, सगळीकडे, न दिसता होतं. खनिज आम्लाचा अंश कापडात राहिला आणि ते तसंच सुकवण्याच्या यंत्रात गेलं, तर पाणी उडतं आणि आम्ल तीव्र होत जातं. म्हणून मी रंगाऱ्यांना सांगत आलोय, १३० अंशांवर सामू राखायला अ‍ॅसेटिक आम्लच वापरा, आणि सुकवण्याआधी कापडाचा सामू बघा. तयार कापडाचा ६.५ ते ७ असावा.

पिगमेंट छपाईतही हा धोका आहे. बाइंडर पक्का व्हायला जो कॅटॅलिस्ट घालतात तो तापल्यावर आम्ल सोडतो. प्रमाणात असेल तर काही होत नाही. पण क्युरिंग जास्त तापमानावर झालं, किंवा यंत्र मध्येच थांबलं आणि कापड आत अडकून राहिलं, तर छापलेल्या जागी कापूस भाजला जातो.

तुमच्या कापडात यातलं काय झालंय, नुसता बाइंडरचा चिकटा की कापूसही भाजलाय? हे शोधायची एक चाचणी आहे. चौकड्याच्या कापडातला एक आडवा धागा कडेपासून सावकाश ओढून काढा. चिकटलेला असेल, म्हणून सुईच्या टोकाने सोडवत काढा. त्या एकाच धाग्यावर रंगीत तुकडा, पांढरा तुकडा, परत रंगीत, असं दिसेल. दोन्ही टोकं बोटांत धरून हळूहळू ताण द्या आणि कुठे तुटतो ते लिहून ठेवा. असे वीस धागे तोडा. बहुतेक धागे पांढऱ्या भागात किंवा कुठेही तुटले, तर तंतू शाबूत आहे आणि दोष फक्त बाइंडरचा. वीसपैकी पंधरा-सोळा रंगीत भागातच तुटले, तर छापलेल्या जागी तंतू मेलाय. जाता जाता कोऱ्या कापडाचेही वीस धागे तोडून बघा, कारण कापड जास्त भाजलं असेल तर पांढरा भागही त्याच यंत्रातून गेलेला असतो. हाताला फरक कळतो. निरोगी धागा ताण खातो, मग टक्कन तुटतो. भाजलेला न ताणताच सुटतो.

प्रयोगशाळेत आणखी पक्कं कळतं. ७५ टक्के गंधकाम्लात कापूस विरघळतो आणि पॉलिएस्टर उरतं, त्यावरून मिश्रणाचं प्रमाण तपासता येतं. नवीन कापडाचं आणि दहा धुण्यांनंतरच्या कापडाचं प्रमाण काढा. सुती टक्का ३३ वरून खाली आला असेल तर कापूस गळतोय हे सिद्ध झालं. सुती भागाची फ्लुइडिटी चाचणी साखळ्या किती तुटल्या ते सरळ सांगते. पण मला विचाराल तर धुऊन प्रमाण काढणं ही गणवेशासाठी जास्त उपयोगी चाचणी आहे, शाळेच्या मुख्याध्यापकांनाही लगेच समजते.

प्रयोगशाळेवरून एक आठवलं. तुमचे नमुने कोणत्या महिन्यात तपासले? भारतीय मानकांप्रमाणे चाचणीची हवा २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता अशी लागते आणि नमुना त्या हवेत काही तास ठेवावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कापूस कडकडीत होतो. कापूस ओलावा घेतो तसा मजबूत होतो, ओला कापूस कोरड्याहून मजबूत असतो, आणि सुकत गेला की ताकद उतरते. पॉलिएस्टरला ओलाव्याने फरक पडत नाही. मी अशी खोली पाहिली आहे जिथे एकच कापड दुपारी बंद कूलरमध्ये आणि संध्याकाळी चालू कूलरमध्ये तपासलं तर आकडे वेगळे यायचे. तिन्ही नमुने एकाच दिवशी, नियंत्रित हवेत तपासले असल्याची खात्री करा. दोन-तीन किलोंचा फरक यातच निघून जातो.

पॉलिएस्टर-व्हिस्कोज, जे पँटच्या कापडात सर्रास येतं, त्याचं गणित उलटं आहे. व्हिस्कोज ओलं झालं की जवळपास निम्मी ताकद सोडतं आणि कॉस्टिकमध्ये फुगतं. रंगवताना ओलं कापड ताणून ओढलं तर तिथेच इजा होते, म्हणून ते सैल चालणाऱ्या यंत्रात रंगवावं. सुकल्यावर ताकद परत येते, पण ताणून झालेली इजा जात नाही. लायक्रा असलेल्या कापडाला १३० अंश देऊच नयेत, लवचीकपणा मरतो.

अजून एक गोष्ट, जिचा दोष लोक रंगाला देतात आणि तो असतो फिनिशिंगचा. "नो आयर्न" किंवा चुण्या न पडणारं कापड मागितलं की त्यावर रेझिन चढवतात. रेझिन सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. चुणी पडत नाही, पण तंतू ठिसूळ होतो. निव्वळ सुती कापडाची तिसरा हिस्सा ताकद त्यात सहज जाते. शर्टिंगमध्ये पॉलिएस्टर मिसळण्याचं एक मोठं कारण हेच होतं, की रेझिनने गेलेली ताकद त्याने भरून काढावी. तुमच्या छापलेल्या कापडाला रेझिनही दिलं असेल तर १३०० मध्ये त्याचाही वाटा आहे. प्रोसेस हाऊसला, म्हणजे रंगाई-छपाई करून देणाऱ्या कारखान्याला, स्पष्ट विचारा. ते सांगतात, फक्त विचारावं लागतं.

आणि ते मोजके रंग, जे स्वतःच घात करतात, तेही सांगून ठेवतो. काही पिवळे आणि नारिंगी व्हॅट रंग ऊन शोषून कापसाची साखळी तोडतात. रंग पक्का राहतो, कापड जातं. शाळेचा पिवळा हाऊस टी-शर्ट किंवा पिवळा कुर्ता असेल आणि मुलांच्या आया तो रोज गच्चीवर भर उन्हात वाळवत असतील तर हे लक्षात असू द्या. सावलीत उलटा करून वाळवायला सांगा.

आता हातातल्या मालाचं काय करायचं. न शिवलेलं छापलेलं कापड किती उरलंय ते बघा. वीस धाग्यांच्या चाचणीत तंतू शाबूत निघाला तर ते प्रोसेस हाऊसला परत पाठवून सिलिकॉन किंवा पॉलिथिलीन इमल्शनचा सॉफ्टनर चढवून घ्या. रंगवलेल्या कापडाइतकी ताकद येणार नाही, पण धाग्यांना सरकायला थोडी वाट मिळते. शिवायच्या आधी फाटण्याची चाचणी पुन्हा करा. तंतू भाजलेला निघाला तर सॉफ्टनरने काही होणार नाही, ते कापड गणवेशात वापरू नका.

शिवताना सुई बदला. बाइंडर बसलेल्या कापडात सुई शिरते तेव्हा धागा बाजूला सरत नाही, सुई त्याला फोडून जाते. तुमच्या बायका १६ नंबरची सुई वापरत असतील तर ११ नंबरची लावा, टोक गोल असलेली. इंचाला चौदा टाके घालत असतील तर दहा-अकरावर या. दाट टाके म्हणजे पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग, आणि कापड तिथूनच फाटतं. खिशाच्या कोपऱ्यावर बारटॅक, म्हणजे मजबुतीची दाट आडवी शिलाई, घालताय ना, त्याच्या मागे रंगवलेल्या कापडाचा दोन इंची चौकोन ठेवून मग घाला. भार त्या चौकोनावर जाईल. आधी शिवून दिलेल्या कुर्त्यांनाही हा चौकोन आतून लावता येतो. एक बाई दिवसभरात बरेच कुर्ते करील, आणि शाळेशी संबंध टिकतील.

पुढच्या हंगामाचा चौकडा छापून घेऊ नका, असं माझं प्रामाणिक मत आहे. रंगीत सुताचा विणलेला चौकडा घ्या. थोडा महाग पडेल. ते परवडत नसेल तर डिस्पर्स-रिअ‍ॅक्टिव्हने छापून, वाफवून, धुतलेला घ्या. त्यात रंग तंतूत जातो, दाट करायला लावलेला गोंद धुऊन निघतो आणि कापड मऊ राहतं. पिगमेंटच घ्यावं लागलं तर ऑर्डरवर लिहून द्या की फाटण्याची ताकद दोन्ही दिशांना मोजायची, पाच धुण्यांनंतर परत मोजायची, आणि छापलेल्या भागातून नमुना घ्यायचा. आकडा किती हवा ते तुम्ही ठरवा, पण मी तुमच्या जागी असतो तर या वजनाच्या कापडाला १८०० ग्रॅमच्या खाली घेतलं नसतं.

ते वीस धागे तोडून झाले की कुठे किती तुटले ते मला कळवा. छापलेल्या कापडाचा हातभर तुकडा आणि कोऱ्याचा हातभर तुकडा पाठवलात तर मीही तोडून बघतो.